ळची भूल

पिरंगुट, ता. मुळशी
मंगळवार, दि. २४ मे २००५

प्रिय मित्र हैबतराव यास विश्रामचा साष्टांग (कंबर परवानगी देत नाही म्हणून उभ्यानेच, पण मनापासून) नमस्कार.

तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याची चौकशी करत नाही, कारण मागच्या पत्रात तू त्याचा विषय कायमचा मिटवला होतास. वहिनींचा खोकला, चिरंजीवांचा घाटातला ढाबा, आणि ढाब्यावर उतरणाऱ्या पुण्याच्या मंडळींना ‘धबधबा किती वाजता सुरू होतो’ या प्रश्नाची उत्तरे देऊन थकलेला तू, सर्व कुशल असाल असे धरून चालतो. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. (‘सर्व’ या शब्दाचा खुलासा पुढे येईल.) फोनच करणार होतो, पण तुमच्या ताम्हिणीत रेंज फक्त एका जांभळीखाली येते, आणि तू त्या जांभळीखाली कधी असतोस हे तुझ्या घरच्यांनाही सांगता येत नाही, म्हणून पत्र. अक्षर ओळ सोडून खाली उतरले आहे असे वाटल्यास दोष कागदाचा आणि आमच्या ओसरीवरच्या उजेडाचा. हल्ली उजेडात पूर्वीचा दम राहिलेला नाही. आशालता म्हणते की उजेड तोच आहे. चाळीस वर्षे संसार करूनही तिला उजेडातले काही कळत नाही.

आता मूळ हकीकत. आमची नात क्षितिजा (अनिमेषची मुलगी, वय वर्षे सात, पुढचे दोन दात रजेवर) मे महिन्यासाठी आमच्याकडे आली आहे. अनिमेष आणि सूनबाई ज्ञानदा दोघेही हिंजवडीला कॉम्प्युटरपुढे बसतात आणि बावधनच्या फ्लॅटवर फक्त झोपायला येतात. तेव्हा पोरीला सांभाळण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी उरवड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षे टाइमकीपर होतो हे तुला माहीत आहेच. त्या एकतीस वर्षांत भोंगा द्यायला मी फक्त सहा वेळा विसरलो, आणि सहाही वेळा खिडकीबाहेर भारद्वाज बसलेला होता. एवढ्या जबाबदार माणसाकडे मूल सोपवायला आशालता का कां-कूं करत होती, देव जाणे.

सोमवारी, दोन तारखेला, सकाळी आम्ही आजोबा-नात खडी मशीनच्या मागच्या माळावर फिरायला गेलो. तिथे एक पांढरे कुत्रे बसले होते. क्षितिजेला प्राणिमात्रांविषयी उपजत प्रेम आहे. त्या प्रेमाच्या भरात ती आपण होऊन त्याच्याजवळ गेली आणि कुत्र्याने तिच्या पोटरीत दोन दात रोवले. सर्व इतके झटपट घडले की माझा काही इलाज चालला नाही. (हे वाक्य मी घरी इतक्या वेळा सांगितले आहे की आता ते मला पाठ्यपुस्तकातले वाटते.) आशालतेने जखम नळाखाली धरून अर्धी साबणवडी झिजेपर्यंत धुतली. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. नजर ठेवायची आमची तयारी होती, पण कुत्रे कंपनीच्या बसमागे धावत उरवड्याकडे गेले ते परत आले नाही. कदाचित तिथे कामाला लागले असेल.

तेव्हा ठरले की पाच इंजेक्शने. एक लगेच, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आमचे डॉक्टर पियूष अकोल्याकडचे, वयाने लहान, पण या बाबतीत त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. मला बाजूला घेऊन म्हणाले, काका, हा रोग एकदा झाला की त्यावर औषध नाही, तेव्हा पाचही झालीच पाहिजेत, शेवटचंही. मी मान हलवली. हैबत, त्या दिवसापासून ‘शेवटचंही’ हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

हे झाले मोठ्यांचे. पोरीची समजूत घालायला आमच्या शेजारच्या सारजाबाई आल्या. (यांच्या रानात आता तीन मजली इमारत आहे. खोल्यांत नोकरीवाली मुले राहतात, आणि बाई गच्चीवर शेणी थापतात.) सारजाबाईंनी क्षितिजेला मांडीवर घेतले, तोंडावरून हात फिरवला आणि मायेने म्हणाल्या, “भिऊ नगं गं माझे बाय. पाचच हायेत. माझ्या चुलत्याला चौदा दिली व्हती, पोटात, बेंबीच्या भवती. लई वराडला. पर बरा झाला. भुकला न्हाई. खेकसायचा तेवढा, पर त्यो आदीपास्नंच खेकसायचा.” एवढे ऐकून क्षितिजा मांडीवरून उतरली आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली. तिला बाहेर काढायला आधी कोठीतले गहू बाहेर काढावे लागले.

पहिल्या इंजेक्शनाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात माझा गौरव नाही. दवाखान्यात जया नावाची मुलगी मदतीला असते. ती सवयीने म्हणाली, काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं वाटेल. क्षितिजेने विचारले, काळी की लाल? जया म्हणाली, काळी. क्षितिजा म्हणाली, काळी चावत नाही, तू खोटं बोलतेस. जया म्हणाली, बरं, लाल. झाले, लाल म्हटल्यावर पोरीने टेबलाचा पाय धरला. तेव्हा मी पुढे झालो. मुलांचे मन दुसरीकडे वळवावे असे मी कुठेसे वाचले होते, आणि मन वळवायला कवितेसारखे दुसरे काय आहे? मी तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि आपल्या पौडच्या शाळेतली ती टिटवीची कविता सुरू केली, ‘टिटवी रडते नदीकिनारी, पिले तियेची दूर’. आठवते ना? अकरा कडवी. चौथ्या कडव्याला गुरुजींचा आवाज भरून यायचा आणि आपण दोघे बाकाखाली चिंचोके खेळायचो. सातव्या कडव्यात पूर आला, नवव्यात पूर ओसरला, अकराव्यात पिले भेटली, आणि मग मी डोळे उघडले. इंजेक्शन दुसऱ्या कडव्यालाच देऊन झाले होते. पोर जी काय रडायची ती रडून, नाक पुसून, माझ्याकडे बघत बसली होती. बाहेर रांगेत चौदा माणसे होती. जया म्हणाली, आजोबा, तुम्हाला अजिबात दुखलं नाही ना? आता या वाक्याचा रोख मला कळला नाही असे नाही.

पण हैबतराव, माणूस चुकांतूनच शिकतो, आणि मी तीन दिवस झोपाळ्यावर बसून विचार केला. कविता म्हटली तर मन माझे गुंतते, पोरीचे नाही. तेव्हा पोरीलाच काहीतरी शोधायला लावले पाहिजे. आणि मग मला आपल्या भेंड्या आठवल्या. तुला सांगायला नको, पण मनाच्या समाधानासाठी सांगतो: मी कविता म्हणायची, तिच्या शेवटच्या अक्षरावरून तिने म्हणायची, आणि अडली तर तिच्यावर भेंडी चढायची. क्षितिजेला हे भलतेच आवडले. गुरुवारी, दुसऱ्या इंजेक्शनाला, डॉक्टरांनी सुई हातात घेतली तशी मी शांतपणे म्हटले,

‘कौलांवरती चढुनि कोंबडा ओढुनि आणी सकाळ’

आणि थांबलो. पोरीवर ळ आला. ती म्हणाली, ळ... ळ... तिचे डोळे छपराकडे गेले, कपाळाला आठी पडली, तोंड किंचित उघडे राहिले. ळ... डॉक्टरांनी दंडाला स्पिरिट लावले. ळ... सुई गेली. ळ... सुई आली. क्षितिजा म्हणाली, थांबा ना आबा, आठवतंय. मी तुला काय सांगू, मला त्या क्षणी असे वाटले की हा ळ आपल्या पूर्वजांनी याच कामासाठी बाराखडीच्या टोकाला जपून ठेवला असावा. दुसऱ्या अक्षरांची उत्तरे सापडतात आणि मूल भानावर येते. ळ वरून काही सापडतच नाही, म्हणून शोध संपत नाही. डॉक्टरांच्या भुलीला वेळेचे बंधन, आमची ळची भूल घरी पोचेपर्यंत टिकते. रांगेतल्या गंगूबाई नंतर बाजारात भेटल्या तेव्हा त्याही पुटपुटत होत्या.

मग काय विचारतोस. जयाने ही बातमी गावभर केली. लोक आपापली पोरे घेऊन ‘ळवाल्या आजोबांना’ विचारत येऊ लागले. मला दवाखान्यातल्या बाकाचे एक टोक कायमचे मिळाले. ट्रिपलवाली, गोवरवाली, नाकात शेंगदाणा घातलेली, सगळी पोरे मी ळ वर बसवली. (शेंगदाणेवाल्याचे वय दीड वर्ष होते, त्याला भेंड्या कळत नव्हत्या. पण त्याची आई ळ वर अडकली आणि ओरडायची थांबली, त्यामुळे डॉक्टरांना शेंगदाणा निवांत काढता आला.) एकतीस वर्षे मी भोंगा दिला, माझ्या भोंग्यावर आठशे माणसे आत-बाहेर झाली, पण असा मान मिळाला नव्हता. मी धोतराला इस्त्री करून घेऊ लागलो. आशालता म्हणाली, पेशंटांपेक्षा तुमचीच तब्येत सुधारली आहे.

तिसऱ्या वेळी मात्र घोटाळा झाला. मी ळ दिला, पोर छपराकडे बघू लागली, सुई दंडापासून चार बोटांवर आली, आणि डॉक्टर पियूषना आपला गाव आठवला. म्हणाले, “हात् बाप्पा, त्यात काय अडते? आमच्याइकडे ळ कोनी म्हनतच नाही. केळं नाही, केयं. शाळा नाही, शाया. य वरून म्हन पोरी.” क्षितिजेचा चेहरा फुलला. य वरून तिला नऊ कविता येत होत्या. तिने टाळ्या पिटत पहिली सुरू केली, आणि दंड इतका हलू लागला की डॉक्टरांना सुई पुन्हा ट्रेमध्ये ठेवावी लागली. मी म्हटले, हा नियम मान्य नाही. तेवढ्यात रांगेतून सारजाबाईंचे मालक कोंडाजी आत घुसले. यांच्या पाठीवर लिंबाएवढे गळू झाले होते, आणि दोन दिवस कोणी बोट दाखवले तरी ते बोंब ठोकत. ते म्हणाले, “य कुटनं आला? आमच्या शाळंत ळ आला की ल घ्यायचे. पयल्यापास्नं तसंच हाय.” डॉक्टर म्हणाले य. कोंडाजी म्हणाले ल. मी म्हणालो, ळ म्हणजे ळ, सवलत नाही. बाहेरचे लोक दारात जमले. त्यातले निम्मे य चे झाले आणि निम्मे ल चे. माझ्या बाजूने फक्त गंगूबाई होत्या, त्याही बाकावर बसायला जागा मिळावी म्हणून. या गोंधळात जयाने कोंडाजींना भांडता भांडता पालथे झोपवले, आणि डॉक्टरांनी य चा पक्ष न सोडता ते गळू फोडून, साफ करून, पट्टी लावून टाकली. कोंडाजी शेवटपर्यंत ल ल करत होते. घरी जेवायला बसल्यावर भिंतीला टेकले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की गळू नाही. आणि क्षितिजा? तिने ही मारामारी तोंड उघडे टाकून पाहिली, आणि तिचे इंजेक्शन कधी झाले हे तिला, मला, आणि बहुधा डॉक्टरांनाही नीट आठवत नाही. जयाने वहीत लिहिले आहे म्हणून झाले म्हणायचे.

चौथे इंजेक्शन सोळा तारखेला निर्वेध पार पडले. ळ दिला, सुई गेली, ळ शिल्लक राहिला. मी इतका खूश होतो की येताना तिला दोन कुल्फ्या घेतल्या आणि तिन्ही आम्ही खाल्ल्या. (तिसरी कुठून आली ते मलाही आठवत नाही.) आणि त्याच संध्याकाळी, हैबत, माझे दिवस फिरले.

क्षितिजेने माझ्या कपाटातला मोठा शब्दकोश खाली ओढला. तिला ळ वरून उत्तर शोधायचे होते. आता ही पोर स्वतःच्या अक्षराच्या बाबतीत फार हळवी. शाळेत तिने बाराखडीचा तक्ता पाठ केला आहे, आणि ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ ही तिला आपली आळी वाटते. क्ष म्हणजे ती, ज्ञ म्हणजे तिची आई ज्ञानदा, आणि ळ म्हणजे शेजारी. ती शेवटून पाने उलटत आली. ज्ञ सापडला, क्ष सापडला, त्याच्या अलीकडे पाहते तो एकदम ह. तिने परत पाहिले. मग तो दोन किलोचा कोश पोटाशी धरून ओसरीवर आली आणि मला म्हणाली, “आबा, माझ्या शेजारचं पान फाटलंय का?”

मला ‘हो’ म्हणता आले असते. एक अक्षर, तेही ह वरून. पण मी इकडे बघितले, तिकडे बघितले, घसा साफ केला, आणि स्वयंपाकघरातून आशालता म्हणाली, पान काही फाटलेलं नाही गं, ळ वरून शब्दच नसतो, तुझ्या आबांना विचार. क्षितिजेने विचारले, “कध्धीच नसतो? म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि मी उगाच शोधत होते?” मी म्हटले, अगं, तुला दुखू नये म्हणून. ती म्हणाली, “काळ्या मुंगीसारखं.” आणि कोश तिथेच ठेवून आत गेली.

तेव्हापासून आठ दिवस पोर माझ्याशी सभ्यपणे वागते आहे. रागावली असती तर चालले असते. मागते तेव्हा ‘कृपया’ म्हणते. आणि तिने जाहीर केले आहे की पाचवे इंजेक्शन ती घेणार नाही. ळ वरून एक तरी कविता आणा, मग घेईन. अनिमेषला फोन केला, तो म्हणाला, बाबा, मी इंटरनेटवर शोधतो. त्याने ऑफिसात ळ टाइप केला तर त्याच्या कॉम्प्युटरवर नुसता चौकोन उमटला. तो म्हणतो, दोघांनी धरू घट्ट आणि देऊन टाकू. सूनबाई म्हणतात, मोबाइलमधला साप खेळायला देऊ. क्षितिजा म्हणाली, साप नको, ळ हवा. सोमवारी तीस तारीख. धरून-बांधून इंजेक्शन देता येईल, मला कळते. पण पोर कायमची दवाखान्याला भिईल, आणि माझ्याकडे कायमची ‘कृपया’ म्हणून बघेल. दोन्ही माझ्याच्याने बघवणार नाही.

तेव्हा आता तुझ्यापाशी येतो. एकोणीसशे एक्कावन्न साल, पौडची शाळा, सातवीच्या भेंड्यांचा शेवटचा डाव. उरलो होतो तू आणि मी. मी तुझ्यावर ळ चढवला. आणि तू उभा राहून म्हणालास की तुला ळ वरून एक कविता येते, तुझ्या आत्याने शिकवली आहे, पण तिने शपथ घातल्यामुळे चारचौघांत म्हणता येत नाही. गुरुजींना काय करावे कळेना. त्यांनी डाव बरोबरीत सोडवला आणि बक्षिसाची वाटणी केली. तुला दौत मिळाली, मला टाक. (शाईशिवाय टाक घेऊन मी वर्षभर हिंडलो.) चोपन्न वर्षे मी तुला त्या कवितेविषयी विचारले नाही. विचारले असते आणि ती नसती, तर मला मित्र बदलावा लागला असता, आणि पौडमध्ये तेव्हा दुसरा मिळण्यासारखा नव्हता. आता आत्याही नाही आणि शपथही जुनी झाली. ती कविता उलट टपाली लिहून पाठव. दोनच ओळी असल्या तरी चालेल. सोमवारच्या आत.

घरातील लहानथोरांस ज्याचे त्याचे नमस्कार-आशीर्वाद वाटून दे, आणि उरले तर गुडघ्याला चोळ.

तुझा,
विश्राम

ता. क. आशालता म्हणते, पत्र फार लांबले, हैबतभावजींना म्हणावे फक्त अधोरेखित भाग वाचा. मी कशाखालीच रेघ ओढलेली नाही.

मंगळवार, दि. ३१ मे

ता. क. दुसरा. हे पत्र तुला उशिरा मिळते आहे. मी ते त्याच दिवशी चौकातल्या लाल पेटीत टाकले होते. ती टपालपेटी नसून दूध डेअरीची तक्रारपेटी निघाली. लाल रंग दोन्हींचा, आकार दोन्हींचा, उजेड हा असला. डेअरीचे गेणबा आज सकाळी स्वतः घेऊन आले. वर शेरा आहे: ‘पूर्ण वाचले. दुधाबाबत तक्रार आढळली नाही. सबब परत.’ शेरा देऊन ते गेले नाहीत. ओट्यावर बसले आणि म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या. पोरीच्या पाचव्याचं काय झालं, ते सांगा आदी.” त्यांना सांगितले तेच तुला सांगतो.

ता. क. तिसरा. पाचवे काल झाले. तुझे उत्तर आले नव्हते (कसे येणार), म्हणून मी ळ वरून स्वतःच दोन ओळी जुळवायला बसलो होतो, पहाटेपासून, पण त्यात ल आणि य येत राहिले. नऊ वाजता क्षितिजा चपला घालून दारात उभी. म्हणाली, चला आबा. मी म्हटले, अगं, ळ अजून मिळाला नाही. ती म्हणाली, असू दे. दवाखान्यात अनिमेष धरायच्या तयारीने बाह्या सरसावून उभा होता. क्षितिजेने त्याला बाजूला बसवले आणि मला म्हणाली, “आज तुम्ही काही म्हणू नका. मी बघणार आहे.” आणि तिने बघितले. सुई कशी भरतात, बुडबुडा कसा काढतात, कुठे टोचतात, सगळे. जयाला म्हणाली, मुंगी नाही, काटा. बाभळीचा नाही, बोरीचा. मग म्हणाली, एवढंच होतं होय. हे मी पाहिले नाही, नुसते ऐकले. माझे डोळे मिटलेले होते आणि तिने माझा हात धरला होता.

कागद पुरा करताना डॉक्टरांनी सहज विचारले, कुत्रं चावलं कसं होतं? क्षितिजा म्हणाली, “मीच गेले. आबा नको नको म्हणत होते.” हैबत, मी नको म्हणालो नव्हतो. त्या माळावर काही पांढरे दिसले, मऊ दिसले, आणि मी म्हणालो, ते बघ कोकरू, जा, त्याला कुरवाळ. आणि वर ‘माळावरती एकटे कोकरू’ ही कविताही सुरू केली. दुसऱ्या कडव्याला कोकरू भुंकले. पोर ओरडली तेव्हाही मी तिसऱ्यात होतो. चार आठवडे या सात वर्षांच्या मुलीने हे कोणाला सांगितले नाही, आजीला नाही, आईला नाही. ळ वरून मला खोटे ठरवले तेव्हा तर तिच्या हातात एवढा मोठा दगड होता, तोही तिने उचलला नाही. आणि काल पुन्हा माझ्यासाठी खोटे बोलली, तेही इंजेक्शन झाल्या झाल्या, दंड चोळत.

मी तिथेच सगळ्यांपुढे खरे सांगून टाकले. अनिमेष बाह्या खाली घेत राहिला. डॉक्टर पियूष उठले, माझी पापणी वर केली, बॅटरी मारली आणि म्हणाले, काका, तुमच्या डोयात मोतीबिंदू पिकला आहे, दोन वर्षं झाली असतील, कोनाले सांगितलं कसं नाही? (सांगणार काय? सुई डोळ्याशेजारी टोचतात असे ऐकले होते.) तेवढ्यात क्षितिजा म्हणाली, “डोया नाही हो, डोळा.” मग ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिले, तिचे पडलेले दोन दात दोन आठवड्यांत पहिल्यांदाच मला दिसले, आणि ती म्हणाली, “आबा, तुमच्यावर ळ.”

ता. क. चौथा आणि खरा. सोमवारी, सहा जूनला, सकाळी साडेनऊला कोथरूडला माझा डोळा काढा... म्हणजे मोतीबिंदू काढायचा आहे. सुई आहेच. क्षितिजा दारापर्यंत येणार आहे आणि दारात माझ्यावर पुन्हा ळ चढवणार आहे, असे तिने लेखी दिले आहे. पण दारापलीकडे लहान मुलांना सोडत नाहीत, आणि अनिमेष बाह्या सरसावेल अशी भीती वाटते. तू रविवारच्या एस. टी. ने ये. बावधनला उतर (आम्ही तेव्हा अनिमेषकडे असू), गुडघा सांभाळून. माझ्याजवळ बस. आत्याची ती कविता खरोखर येत असेल तर ऑपरेशन होईपर्यंत मला सांगू नकोस. येत नसेल तर कधीच सांगू नकोस. मला आत गेल्यावर शोधायला काहीतरी पाहिजे.